दहा बोल्टांचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गडकोट, तह आणि लढाया उभ्या राहतात. यंत्रांचा इतिहास वाचणारेही बहुधा मोठमोठ्या शोधांच्याच मागे जातात. वॅटचे वाफेचे एंजिन, स्टीफन्सनची आगगाडी, राइटबंधूंचे विमान यांच्या कथा शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात. परंतु त्या यंत्रांच्या पोटात ज्या शेकडो लहानसहान वस्तू असतात, त्यांनाही आपापला इतिहास असतो; आणि कधी कधी एखाद्या बलाढ्य कारखान्याची अब्रू अशाच एखाद्या वस्तूशी येऊन अडते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली वस्तू म्हणजे एंजिनातील हेड गॅस्केट. अमेरिकेतील डिझेलच्या पिक-अप ट्रकांत ते दोनदा मोठ्या प्रमाणावर निकामी झाले. पहिल्यांदा १९७८ नंतर आणि दुसऱ्यांदा २००३ नंतर. पहिल्या वेळी त्या देशातील सामान्य माणसाचा डिझेलवरचा विश्वास उडाला. दुसऱ्या वेळी दोन मोठ्या कंपन्या न्यायालयात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. दोन्ही वेळा बोट दाखवले गेले ते गॅस्केटकडे. ते कितपत खरे होते, हे पाहण्यासारखे आहे.

गॅस्केट म्हणजे काय, हे गृहिणींना तरी निराळे सांगायला नको. प्रेशर कुकरची रबरी रिंग सैल झाली म्हणजे काय होते? शिट्टी होत नाही, कडेने वाफ फुसफुसत बाहेर पडते आणि डाळ कच्ची राहते. झाकण आणि भांडे ही दोन्ही कितीही मजबूत असली, तरी त्यांच्यामधली फट बुजवणारी वस्तू नीट नसेल तर सगळे व्यर्थ. मोटारीच्या एंजिनातही असेच एक भांडे आणि एक झाकण असते. बिडाच्या जाडजूड ठोकळ्यात गोल विहिरी कोरलेल्या असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात आणि त्या ठोकळ्याला ब्लॉक. विहिरींत दट्ट्ये खालीवर होत असतात. वरून जे जड झाकण बोल्टांनी आवळून बसवतात ते हेड, आणि हेड व ब्लॉक यांच्यामध्ये जो मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा, ठिकठिकाणी भोके असलेला पातळ थर असतो तेच हेड गॅस्केट.

कुकरच्या रिंगेला एकट्या वाफेलाच अडवायचे असते. हेड गॅस्केटच्या वाट्याला तीन शेजारी येतात. सिलिंडरात आग असते. तिच्या भोवतीच्या पोकळ्यांतून एंजिन थंड ठेवणारे पाणी वाहत असते. आणि आणखी काही बारीक वाटांनी वंगणाचे तेल वर चढत असते. आग, पाणी आणि तेल या तिघांनाही हेडमधून ब्लॉकमध्ये आणि ब्लॉकमधून हेडमध्ये जायचे असते, पण एकमेकांच्या घरात पाऊल टाकायचे नसते. बोटभर रुंदीच्या जागेत त्यांना वेगळे ठेवायचे काम या पातळ पत्र्याकडे असते. ते बिघडले की लक्षणे दिसू लागतात. धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. रेडिएटरमधले पाणी कोठेही गळताना न दिसता कमी होत जाते. कधी त्या पाण्यात बुडबुडे उठतात, कधी तेल दुधासारखे पांढरट होते. गॅरेजमधला मिस्त्री नुसते ऐकूनच सांगतो, “हेड गॅस्केट गेले.”

* * *

वाफेच्या एंजिनांच्या काळात असे सांधे बुजवण्यासाठी ताग, चरबी, शेंदूर लावलेले पुठ्ठे, पुढे रबर असे नाना पदार्थ वापरीत. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी आल्या तेव्हा आगीशी गाठ पडली, आणि तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये अॅस्बेस्टॉसचा थर घातलेली गॅस्केटे प्रचारात आली. तांबे मऊ असल्यामुळे दबून फटीत बसे आणि अॅस्बेस्टॉस आगीला दाद देत नसे. कित्येक दशके जगभरच्या मोटारी त्यावर चालल्या. अॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन प्राणघातक रोग जडतात हे सिद्ध झाल्यावर ग्रॅफाइट आणि इतर तंतू आले, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस पोलादाचे अनेक पातळ पत्रे एकावर एक बसवलेली गॅस्केटे रूढ झाली. म्हणजे पदार्थ सुधारत गेला. तरीही गॅस्केट जाणे थांबले नाही. याचे कारण कळण्यासाठी डिझेल एंजिनाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

पेट्रोलच्या एंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याची कल्पना निराळी होती. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचे टोक तापते हा अनुभव प्रत्येक मुलाला असतो. डिझेलने हवा इतकी दाबायची ठरवली की ती स्वतःच निखाऱ्यासारखी तापावी, आणि तिच्यात इंधनाचा फवारा पडताच ते ठिणगीवाचून पेटावे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये ऑग्सबुर्ग येथील कारखान्यात त्याच्या पहिल्या एंजिनाची चाचणी झाली, तेव्हा सिलिंडरातला दाब ८० वातावरणांच्या घरात गेला आणि दाब मोजण्याचे उपकरणच फुटून उडाले. एंजिन चालले नाही, पण पेट घेतला. कल्पना खरी ठरली. पुढे १८९७ च्या फेब्रुवारीत म्यूनिकच्या प्रा. मोरिट्स श्र्योटर यांनी सुधारलेल्या एंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. इंधनातील २६.२ टक्के शक्ती कामी येते असे त्यांना आढळले. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या एंजिनांनाही याच्या निम्मे साधत नव्हते. १९१३ च्या सप्टेंबरमध्ये अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल नाहीसा झाला. त्याचे एंजिन मात्र जगभर पसरले. आपल्याकडे १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली आणि विहिरीवर धडधडणारे डिझेल एंजिन महाराष्ट्राच्या शिवारात घरच्यासारखे झाले.

डिझेलची काटकसर आणि डिझेलचा हेडवरचा ताण ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. जी हवा जास्त दाबली जाते तीच जास्त काम देते, आणि तीच झाकण उचलून फेकू पाहते. पेट्रोलचे साधे एंजिन हवेला आठ-नऊ पट दाबते. जुन्या धाटणीचे मोटारींचे डिझेल एंजिन वीस-बावीस पट. दहा सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरात दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोचा दाब आला असे धरले, तर हेडला खालून बसणारा धक्का साडेपाच टनांच्या आसपास जातो. एंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरात असा धक्का सेकंदाला २५ वेळा बसतो. हा धक्का गॅस्केट सोसत नाही. ते सोसणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. धक्का सोसतात ते बोल्ट. बोल्ट आवळला की तो रेसभर ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा हेडला ब्लॉककडे ओढून धरतो. ती ओढ पुरेशी असेल तोवर गॅस्केट दबलेले राहते आणि आपले काम करते. ओढ कमी पडली, हेड केसाच्या जाडीइतके जरी उचलले गेले, तरी आग त्या फटीत शिरते आणि गॅस्केटची कड जाळून वाट करते. म्हणून हेड गॅस्केटचा इतिहास हा खरे पाहता बोल्टांचा इतिहास आहे.

* * *

आता आपण अमेरिकेकडे वळू. तिथे पेट्रोल स्वस्त, रस्ते लांब आणि मोटारी प्रचंड. डिझेल तिथे मालवाहू ट्रकांत, ट्रॅक्टरांत आणि आगगाड्यांत होते. इंडियाना राज्यातील क्लेसी कमिन्स या हिकमती कारागिराने १९३० च्या आरंभी एका पॅकार्ड मोटारीत डिझेल एंजिन बसवले आणि इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कपर्यंतचा सुमारे ८०० मैलांचा प्रवास १ डॉलर ३८ सेंटच्या इंधनात करून दाखवला. लोकांनी कौतुक केले आणि ते पेट्रोलवरच राहिले. पैसे वाचवण्याची गरजच कोणाला नव्हती.

ती गरज १९७३ च्या ऑक्टोबरात उत्पन्न झाली. अरब राष्ट्रांनी तेल रोखले, पेट्रोलपंपांसमोर मैल मैल रांगा लागल्या, आणि १९७५ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून मोटार कंपन्यांना बजावले की १९७८ पासून तुमच्या गाड्यांनी ठरावीक सरासरी दिलीच पाहिजे. जनरल मोटर्सच्या गाड्या तर अवाढव्य. त्या लहान करायच्या तर गिऱ्हाईक नाराज. तशाच ठेवायच्या तर कायदा आडवा. या पेचातून सुटण्याचा मार्ग त्यांना डिझेलमध्ये दिसला. नवे एंजिन तयार करण्याचे काम लॅन्सिंग येथील ओल्ड्समोबिल विभागाकडे आले.

या ५.७ लिटरच्या व्ही-८ एंजिनाविषयी एक लोकप्रवाद असा आहे की पेट्रोलचेच एंजिन घेऊन त्यात डिझेल ओतले. तो अन्यायाचा आहे. अभियंत्यांनी ब्लॉक जाड केला, भुजादंड भक्कम केला, त्याचे बेअरिंग मोठे केले. दाब २२.५ पटीचा ठेवला. परंतु एका ठिकाणी हात आखडला गेला. पेट्रोल एंजिनाचे ब्लॉक आणि हेड भोके पाडून तयार करणारी यंत्रसामग्री कारखान्यात उभी होती. डिझेलचे हेडही त्याच यंत्रांवर करता यावे म्हणून बोल्टांच्या जागा आणि संख्या तीच ठेवली गेली. व्ही-८ एंजिनाला दोन हेड असतात आणि प्रत्येकाखाली चार सिलिंडर एका ओळीत येतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच असे दहा बोल्ट. प्रत्येक सिलिंडराच्या चार कोपऱ्यांत चार बोल्ट आहेत असे दिसते खरे, पण मधले बोल्ट दोन शेजाऱ्यांत वाटलेले असतात. पेट्रोलच्या दाबाला एवढे पुरत होते. त्याच दहांवर आता डिझेलचा भार आला.

१९७८ च्या मॉडेलपासून हे एंजिन ओल्ड्समोबिल मोटारींत आणि शेव्हर्ले व जीएमसीच्या अर्ध्या टनी पिक-अप ट्रकांतही मिळू लागले. शक्ती १२० अश्वशक्तीची, पण खर्च कमी. लोकांनी उड्या टाकल्या. १९८१ साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत डिझेलचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास गेला, आणि त्यात मोठा भाग जनरल मोटर्सचा होता.

मग गाड्या परत येऊ लागल्या. बोल्ट ताणले जात, काही तुटत, हेड उचलले जाई, गॅस्केट जळे आणि पाणी सिलिंडरात उतरे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या त्या पाण्यावर आदळला की त्याचा दांडा वाकतो, कधी ब्लॉकही फुटतो. शिवाय इंधनातले पाणी वेगळे काढणारी गाळणी या गाड्यांना दिलेलीच नव्हती, त्यामुळे इंधनाचा नाजूक पंप गंजे. पंपातले पाणी घालवावे म्हणून काही मालक टाकीत अल्कोहोल मिसळत आणि त्याने पंपाच्या आतले भाग बिघडत. विक्रेत्यांच्या गॅरेजमधील बहुतेक मिस्त्रींचा हात पेट्रोलवर बसलेला. ते नवे गॅस्केट घालीत, हेड पुन्हा त्याच दहा बोल्टांनी आवळीत आणि गाडी मालकाच्या स्वाधीन करीत. मूळ कारण जागच्या जागी राहिल्यामुळे काही हजार मैलांनी तोच मालक तीच तक्रार घेऊन दारात उभा राही.

पिक-अप ट्रक हे अमेरिकेत चैनीचे वाहन नव्हे. शेतकऱ्याचा चारा, सुताराची हत्यारे, गवंड्याची वाळू त्यावर जाते. तो उभा राहिला की माणसाची रोजी उभी राहते. अशा माणसाने एकदा-दोनदा एंजिन उघडल्याचे बिल भरले की तो ‘जनरल मोटर्सने बोल्ट कमी घातले’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘डिझेल वाईट.’ मालकांनी सामूहिक दावे लावले. सदोष मोटार विकणाऱ्या कंपनीला ती परत घ्यायला लावणारा अमेरिकेतील पहिला राज्य-कायदा १९८२ साली कनेक्टिकटमध्ये झाला, तो याच संतापाच्या वर्षांत. दरम्यान कंपनीने ब्लॉक सुधारला होता, दोषही कमी झाले होते. परंतु गेलेले नाव परत आले नाही. पेट्रोलही पुन्हा स्वस्त होऊ लागले. १९८५ साली हे एंजिन बंद झाले, आणि डिझेल मोटार हा शब्द अमेरिकन घरांत पुढची पंचवीस वर्षे थट्टेचा विषय होऊन राहिला.

* * *

या ठिकाणी थोडे थांबून गॅस्केट बदलण्याचे काम प्रत्यक्षात कसे होते ते पाहू; कारण दोष कोठे आहे हे त्या कामातच कळते.

गॅस्केटची किंमत एकंदर खर्चाच्या मानाने क्षुल्लक असते. खर्च होतो तो तिथवर पोहोचण्याचा. आधी पाणी आणि तेल काढून टाकायचे. मग हवेचे नळ, धुराड्याची तोंडे, इंधनाच्या नळ्या, झडपा उघडणाऱ्या दांड्या हे सारे एकेक करून उतरवायचे आणि कोणता बोल्ट कोठला याची खूण ठेवायची. हेडचे बोल्ट सैल करतानाही बाहेरून आत, थोडे थोडे करत यायचे, नाहीतर हेड वाकते. हेड दोघा-तिघांनी किंवा साखळीने उचलले की मग गॅस्केटचे तोंड दिसते, आणि जाणता मिस्त्री तिथे घाई करीत नाही. तो जुने गॅस्केट उजेडात धरून वाचतो. दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर काळा माग दिसला तर आग त्या बाजूने गेली. पाण्याच्या भोकाकडे माग गेलेला असेल तर रेडिएटरमधले बुडबुडे तिथले. एकाच जागी जळाले असेल तर हेडला तडा आहे का ते पाहायचे. सगळीकडे सारखेच सैल दिसत असेल तर बोल्टांची ओढच कमी पडली.

मग हेड आणि ब्लॉक यांचे चेहरे साफ करायचे. जुना थर खरवडताना एक ओरखडासुद्धा उठता कामा नये. ओरखडा म्हणजे गळतीला खोदून दिलेला पाट. सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरपी धरून तिच्याखाली पातळ पात्यांचे माप सरकवून पाहतात. कागदाच्या जाडीइतका बाकसुद्धा चालत नाही. बाक असेल तर हेड यंत्रावर घालून सपाट करतात; परंतु डिझेलच्या हेडमधून फार छिलून चालत नाही, कारण दट्ट्या वर आल्यावर त्याच्यात आणि झडपेत मुळात अंतरच थोडे असते. म्हणून कित्येक डिझेल एंजिनांची गॅस्केटे दोन-तीन जाड्यांत मिळतात, आणि दट्ट्या ब्लॉकच्या पातळीवर किती डोकावतो हे मोजून योग्य जाडी निवडावी लागते. बोल्टांची भोके कोरडी करायची, कारण तळाशी तेल किंवा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना ते दाबले जाऊन ब्लॉकच तडकतो.

शेवटी आवळणे. सतरंजी अंथरताना आपण मधून कडेकडे हात फिरवीत सुरकुत्या काढतो, तसेच इथेही मधल्या बोल्टापासून सुरुवात करून कडेला जायचे, आणि एका दमात नव्हे तर तीन-चार फेऱ्यांत. जोर हाताच्या अंदाजाने नव्हे, मापाच्या पान्याने द्यायचा. अलीकडच्या अनेक एंजिनांत ठरावीक जोरानंतर बोल्ट आणखी ठरावीक अंश फिरवून कायमचा ताणतात. असा बोल्ट एकदाच वापरायचा असतो. तो वाचवण्याच्या मोहाने पुन्हा बसवला तर दोन दिवसांचे श्रम फुकट जातात.

* * *

ओल्ड्समोबिलच्या प्रकरणाने अभियंत्यांना शहाणपण आले नाही असे नाही. १९८२ साली जनरल मोटर्सने पिक-अपसाठी जे नवे ६.२ लिटरचे डिझेल एंजिन आणले, त्याच्या प्रत्येक हेडला १७ बोल्ट होते. फोर्डच्या मोठ्या पिक-अपमध्ये इंटरनॅशनल या ट्रक कंपनीची, म्हणजे नॅव्हिस्टारची, एंजिने बसत. त्यांतले १९९४ पासून आलेले ७.३ लिटरचे ‘पॉवर स्ट्रोक’ एंजिन अत्यंत लोकप्रिय झाले. त्याला प्रत्येक हेडला १८ बोल्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडराभोवती सहा. लाखो मैल चाललेली ही एंजिने आजही अभिमानाने सांभाळली जातात. डॉज कंपनीने १९८९ मध्ये आपल्या पिक-अपमध्ये कमिन्सचे एंजिन घातले, तेही असेच नावाजले. पिक-अपपुरते तरी डिझेलचे नाव पुन्हा उजळले होते.

मग २००३ साल उजाडले. या वेळी पेच तेलाचा नव्हता, धुराचा होता. २००४ पासून ट्रकांच्या धुरातील नायट्रोजनची घातक संयुगे जवळजवळ निम्म्यावर आणणारे नियम अमेरिकेत लागू व्हायचे होते. जुने ७.३ त्यात बसणारे नव्हते. नॅव्हिस्टारने नवे, लहान, चपळ ६.० लिटरचे एंजिन दिले. आकार लहान, पण शक्ती ३२५ अश्वशक्ती, जुन्यापेक्षा अधिक. प्रत्येक सिलिंडराला दोनाऐवजी चार झडपा. झडपा वाढल्या की हेडमधली जागा कमी होते. त्या एंजिनाच्या प्रत्येक हेडला मुख्य बोल्ट किती होते? दहा. पंचवीस वर्षांपूर्वीचाच आकडा, पाच-पाचाच्या दोन ओळी. बोल्ट आता जाड होते, पोलाद उत्तम होते आणि गॅस्केटही पोलादी पत्र्यांचे होते. नेहमीच्या दाबाला ते पुरतही होते. परंतु नेहमीच्यापेक्षा जास्त दाब आला तर हाताशी राखीव असे काही नव्हते.

तो जास्तीचा दाब कोठून आला, ही या कथेतील सर्वांत बोधप्रद गोष्ट आहे. धूर स्वच्छ करण्यासाठी त्यातला काही भाग थंड करून पुन्हा एंजिनात पाठवीत. तो थंड करण्यासाठी एक शीतक होता, आणि त्याला पाणी मिळे ते तेल थंड करणाऱ्या दुसऱ्या शीतकातून पुढे आलेले. तेलाच्या शीतकातील वाटा अतिशय बारीक. ब्लॉक ओतताना साच्यातली जी वाळू मागे राहते तिचे कण आणि पाण्यातला गाळ तिथे अडके. वाट बुजली की पुढच्या शीतकाला पाणी पोहोचत नसे. त्यातून धूर तर शेकडो अंशांचा जात असे. उरलेसुरले पाणी उकळे, वाफेचा दाब चढे, शीतक फुटे आणि पाणी सिलिंडरात जाई. पाण्याची वाफ झाली की दाब भलताच वाढे, बोल्ट ताणले जात आणि हेड उचलले जाई. सगळ्यांत शेवटी जाई ते गॅस्केट. आणि मालकाच्या हाती पडणाऱ्या बिलावर नाव येई तेही गॅस्केटचे. ज्या हौशी मालकांनी जास्त ताकदीसाठी एंजिनाच्या संगणकातील मापे बदलली होती, त्यांच्या गाड्यांत तर हे आणखी लवकर होई.

दुरुस्तीही सोपी नव्हती. एंजिन इतके दाटीने बसवलेले की फोर्डचे अनेक मिस्त्री चालकाची सबंध केबिनच गाडीच्या सांगाड्यावरून उचलून वर टांगीत आणि मग हेड उघडीत. हमी दिलेल्या गाड्यांचा खर्च कोणी सोसायचा यावरून फोर्डने २००७ च्या जानेवारीत नॅव्हिस्टारवर दावा लावला. पुढच्याच महिन्यात नॅव्हिस्टारने काही काळ एंजिने पाठवणेच थांबवले. २००९ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि तीस वर्षांचे नाते संपुष्टात आले. ट्रकमालकांचा सामूहिक दावा वेगळाच चालला, तो २०१३ पर्यंत.

या सगळ्या भांडणात अमेरिकेतल्या लहान लहान गॅरेजांतील मिस्त्रींनी मात्र उत्तर शोधून काढले होते. हेड उघडले की ते गॅस्केट बदलून थांबत नसत. तेलाचा शीतक नवा घालीत, धुराचा शीतक तपासून बदलीत, पाण्याच्या सगळ्या वाटा धुऊन काढीत, हेड सपाट आहे की नाही हे मोजीत, आणि कारखान्याच्या बोल्टांऐवजी अधिक बळकट पोलादाचे, दोन्ही टोकांना आटे असलेले खुंटे बसवून वरून नट आवळीत. भोकांची संख्या दहाच राहिली, पण प्रत्येकाची ओढ वाढली. अशी दुरुस्त केलेली एंजिने पुढे लाखांवर मैल चालली. जे एंजिन बाजारात बदनाम झाले, ते नीट हाताळले तर चांगले चालते, हे या माणसांनी दाखवून दिले.

फोर्डने २०११ च्या मॉडेलसाठी स्वतःच नवे ६.७ लिटरचे डिझेल एंजिन तयार केले. त्यात प्रत्येक सिलिंडराभोवती पुन्हा सहा बोल्ट होते.

* * *

या इतिहासाकडे पाहून ‘बोल्ट कमी घालणारे अभियंते मूर्ख होते’ असे म्हणणे सोपे आहे. ते मूर्ख नव्हते. १९७८ साली त्यांच्यावर तेलाच्या कायद्याची आणि कारखान्यात उभ्या असलेल्या यंत्रांची सक्ती होती. २००३ साली धुराच्या कायद्याची आणि जागेच्या टंचाईची होती. दोन्ही कायदे लोकहिताचेच होते. प्रत्येक निर्णय वेगळा घेतला तर समंजस वाटतो. परंतु राखीव बळ हे असे खाते आहे की त्यातून थोडेसे काढले तर लगेच कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रत्येकजण थोडे थोडे काढतो, आणि ज्या दिवशी शेवटचा आधार मोडतो त्या दिवशी आळ येतो तो सर्वांत पातळ आणि सर्वांत मुक्या वस्तूवर. आपल्या घरादारांत आणि संस्थांतही असे घडताना आपण पाहतोच.

ओल्ड्समोबिलच्या काळातील मिस्त्री आणि २००३ नंतरचे मिस्त्री यांच्या कामात फरक एवढाच होता की पहिल्यांनी ‘काय मोडले’ हे पाहिले आणि दुसऱ्यांनी ‘का मोडले’ हे विचारले. पहिल्यांच्या दारात तीच गाडी पुन्हा आली. दुसऱ्यांच्या दारातून ती शेताकडे आणि कामाकडे गेली. कोणत्याही हायवेवरच्या गॅरेजात आज कोठे ना कोठे एक हेड उघडे पडलेले असेल आणि कोणी तरी काळे पडलेले जुने गॅस्केट उजेडात धरून त्यावरचा माग शोधत असेल. त्याला घाई करू नये. गाडी पुन्हा दारात येईल की नाही, हे त्या चार-पाच मिनिटांवर ठरत असते.